तीन गुणांची आघाडी, नऊ सेकंद आणि आमचे सर

मासिकासाठी लेख गोळा करत फिरणाऱ्या संपादक मंडळातल्या मैत्रिणीने मला आधीच बजावलं होतं, "हे बघ, क्रिकेट नको, पहिला पाऊस नको, आणि होस्टेलच्या मेसवरचा विनोदी लेख तर अजिबात नको. तसले अकरा आलेत." म्हटलं बरं, मग बास्केटबॉलवर लिहितो. तर म्हणाली, "ते कोण वाचणार?" प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे बास्केटबॉल कोर्ट म्हणजे पार्किंग भरलं की गाड्या लावायची जागा, एवढीच बहुतेकांना त्याची ओळख. तरी लिहितोय, कारण गेल्या वर्षापासून एक गोष्ट घशात अडकली आहे.

गेल्या वर्षीची आंतर-अभियांत्रिकी स्पर्धा, सेमी फायनल. प्रेक्षक मोजून नऊ, त्यातले दोघं आमच्या बॅगा सांभाळायला आलेले. आम्ही ६१-५८ असे पुढे. नऊ सेकंद बाकी, बॉल त्यांच्याकडे. सरांनी टाइमआऊट घेतला आणि म्हणाले, "तीनचा शॉट मारूच द्यायचा नाही. हाफ लाइन ओलांडली की फाऊल करा. शॉटच्या आधी! कळलं?" आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. इंजिनिअरिंगच्या मुलाला मान डोलावण्यासाठी समजावं लागत नाही, हे काय तुम्हाला सांगायला हवं?

बॉल ज्याच्याकडे आला त्याच्यासमोर मीच होतो. हाफ लाइनला वाटलं, अजून सहा सेकंद आहेत, थोडं थांबू. मग वाटलं, आता. मग वाटलं, रेफरीने अनस्पोर्ट्समनलाइक फाऊल दिला तर? या 'तर'मध्ये दोन सेकंद गेले. तो तीनच्या रेषेबाहेर थांबला, उडाला, आणि मी नेमका तेव्हा त्याच्या मनगटावर हात मारला. शिट्टी. तीन फ्री थ्रो. तिन्ही आत. ६१-६१. जादा वेळेत आम्ही चार गुणांनी हरलो.

परतीच्या बसमध्ये माझ्याशी कोणी काही बोललं नाही, पण सरांबद्दल मात्र मागच्या सीटवर बरंच काही बोललं गेलं. "फाऊल करायचा कशाला? हात वर करून उभे राहिलो असतो तरी जिंकलो असतो." जिमखान्याच्या वार्षिक अहवालात एक ओळ आली, 'मोक्याच्या क्षणी चुकलेल्या डावपेचामुळे संघाला पराभव पत्करावा लागला.' आणि यंदा टीमची जबाबदारी सरांकडे नाही. मी तेव्हाही गप्प होतो. अहवाल छापून आला तेव्हाही.

आता ज्यांना हा खेळ फारसा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लांबच्या कमानीबाहेरून टाकलेल्या बास्केटला तीन गुण, आतून दोन, फ्री थ्रोला एक. तुम्ही तीन गुणांनी पुढे असाल आणि थोडेच सेकंद उरले असतील, तर समोरच्याला बरोबरीसाठी तीनचाच शॉट हवा असतो. मग त्याला तो मारूच न देता आधीच फाऊल केला तर? तुमच्या टीमच्या फाऊलचा कोटा संपलेला असेल तर त्याला दोन फ्री थ्रो मिळतात, म्हणजे जास्तीत जास्त दोन गुण. दोन आणि तीन यातला फरक आपल्याला बालवाडीपासून माहीत आहे. म्हणजे फाऊल करा आणि जिंका. इतकं सोपं असेल तर प्रश्नच मिटला!

पण नाही मिटला. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये १९८६-८७ च्या हंगामापासून तीन गुणांची रेषा सगळीकडे लागू झाली, तेव्हापासून तिथले कोच यावर भांडतायत. ते काही आपल्यासारखे हौशी नव्हेत. मार्चमध्ये त्यांची जी राष्ट्रीय स्पर्धा होते ती २०१९ मध्ये अडुसष्ट संघांची होती, एक सामना हरलात की घरी. लाखो लोक बघतात, कोचचे पगार तिथल्या प्राध्यापकांना लाजवतात. आणि त्यांचंही यावर एकमत नाही.

अहवालातली ती ओळ वाचल्यावर मी रात्री होस्टेलच्या वायफायवर जुने सामने बघायचा सपाटा लावला. (डेटा स्ट्रक्चर्सचा सबमिशन आठवडा होता, त्यामुळे वेळच वेळ होता.) त्यात मला २०१९ सालची व्हर्जिनियाची टीम सापडली. या टीमने दहा दिवसांत तीन सामने असे जिंकले की समोरच्या तिन्ही कोचची झोप उडाली असेल. आधीच्याच वर्षी, २०१८ मध्ये, हीच व्हर्जिनिया अव्वल मानांकन असूनही सोळाव्या मानांकनाच्या यूएमबीसीकडून ७४-५४ अशी पहिल्याच फेरीत हरली होती. पुरुषांच्या स्पर्धेत असं तोपर्यंत कधीच घडलं नव्हतं. कोच टोनी बेनेट यांची अख्ख्या देशाने टिंगल केली. पुढच्या वर्षी तोच कोच आणि बरीचशी तीच मुलं.

पहिला सामना ३० मार्च २०१९, लुईव्हिल, समोर पर्ड्यू. पर्ड्यूच्या कार्सन एडवर्ड्सने त्या दिवशी एकट्याने ४२ गुण केले, त्यात तीनचे दहा. ७०-६७ अशी पर्ड्यूची आघाडी असताना त्यांनी ५.९ सेकंद बाकी ठेवून व्हर्जिनियाच्या टाय जेरोमला फाऊल केला. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे! वेळ बरोबर, शॉटच्या आधी, फक्त दोन फ्री थ्रो. जेरोमचा पहिला आत, ७०-६८. दुसरा चुकला. आता पर्ड्यूने फक्त रिबाउंड पकडायचा होता. पण मामादी डियाकिटेने उंच उडी मारून बॉल मागे ढकलला, तो थेट व्हर्जिनियाच्या स्वतःच्या अर्ध्यात गेला. किहेई क्लार्क, टीममधला सगळ्यात बुटका, त्याच्यामागे धावला, बॉल उचलला आणि घड्याळाकडे न बघता लांबलचक पास पुन्हा डियाकिटेकडे. त्याने टाकला, बझर वाजला, बॉल आत. ७०-७०. जादा वेळेत व्हर्जिनिया ८०-७५ जिंकली. तो तुकडा मी किती वेळा पाहिला ते सांगत नाही, रूममेट अजून टोमणे मारतो.

तर फाऊल केला, नीट केला, आणि तरीही बरोबरी झाली. मग पर्ड्यूचे कोच मॅट पेंटर चुकले का?

मधला सामना ६ एप्रिलचा, मिनीॲपोलिस, समोर ऑबर्न. इथे ऑबर्न दोनच गुणांनी पुढे होती, ६२-६०. त्यांच्या फाऊलचा कोटा शिल्लक होता, म्हणजे फाऊल केला तरी फ्री थ्रो नाहीत, फक्त घड्याळ खायचं. तसा फाऊल त्यांनी केलाही, आणि उरले दीड सेकंद. (त्याआधी जेरोमने डबल ड्रिबल केलं ते रेफरींना दिसलं नाही, यावर अजून वाद चालतो, तो वेगळा विषय.) मग बॉल कोपऱ्यात काइल गायकडे गेला, त्याने तीनचा शॉट टाकला, चुकला... आणि शिट्टी! ऑबर्नचा खेळाडू उडालेल्या गायच्या अंगात घुसला होता. ०.६ सेकंद बाकी. तीन फ्री थ्रो, तिन्ही आत, ६३-६२. हे पाहताना मला अक्षरशः घाम फुटला. त्या मुलाची चूक आणि माझी चूक यांच्यात फरक असलाच तर समोर स्टेडियमभर प्रेक्षक होते एवढाच. त्याच्याकडे पाहून मी लॅपटॉप बंद केला होता. फायनल दुसऱ्या दिवशी बघितली.

फायनल ८ एप्रिल, तेच स्टेडियम, समोर टेक्सस टेक. त्या वर्षी ज्यांच्या बचावाची कीर्ती होती ती ही टीम. टेक ६८-६५ अशी पुढे, बावीस सेकंद बाकी. कोच क्रिस बियर्ड यांनी फाऊल केला नाही. ते बरोबरच वाटतं, कारण बावीस सेकंद म्हणजे फार वेळ. फाऊल केला, त्यांनी दोन टाकले, मग त्यांनी तुम्हाला फाऊल केला, आणि हे चक्र दोनदा फिरतं. जेरोम बॉल घेऊन आत घुसला. बचाव करणाऱ्यांची नजर त्याच्याकडे गेली, आणि कोपऱ्यात डिआंद्रे हंटर मोकळा राहिला. पास, शॉट, तीन गुण, ६८-६८, सुमारे बारा सेकंद बाकी. जादा वेळेत ८५-७७. व्हर्जिनिया विजेती, त्यांच्या इतिहासात पहिल्यांदा.

म्हणजे बघा, पर्ड्यूने फाऊल केला, बरोबरी झाली. टेकने केला नाही, तरीही बरोबरी झाली. दुसऱ्या दिवशीच्या चर्चेत पर्ड्यूला सांगणारे होते की फाऊल करायला नको होता, आणि टेकला सांगणारे होते की करायला हवा होता. आमच्या बसच्या मागच्या सीटवर बसलेली मंडळी तिकडेही आहेत, याचं मला फार बरं वाटलं.

आता आपण इंजिनिअर (होऊ घातलेले), तेव्हा वही काढू. पुढचे आकडे माझे, गृहीत धरलेले आहेत. तुम्हाला पटत नसतील तर स्वतःचे घाला, रीत तीच राहील.

समजा सहा सेकंद उरलेत आणि आपण फाऊल करत नाही. घाईत, अंगावर बचाव असताना, तीनचा शॉट चारातून एकदा जातो असं धरू. म्हणजे बरोबरी होण्याची शक्यता ०.२५.

समजा आपण फाऊल करतो, आणि नीट करतो. आता समोरच्याला पहिला फ्री थ्रो आत हवा (०.७ धरू), दुसरा मुद्दाम चुकवावा लागणार, मग त्याचा रिबाउंड त्यांनाच मिळायला हवा (०.१५), आणि लगेच दोनचा शॉट जायला हवा (०.५). तिन्हींचा गुणाकार केला की येतात साधारण ०.०५. पंचवीस टक्क्यांच्या जागी पाच! पर्ड्यूच्या वाट्याला आली ती ही पाचातली वेळ. पेंटर चुकले नाहीत, असं माझं मत आहे. त्यांचा सेमिस्टरमधला एकमेव न वाचलेला धडा पेपरात आला, एवढंच.

इथवर सरांची बाजू अगदी भक्कम. पण वहीत अजून एक आकडा घालावा लागतो, तो कोणी घालत नाही. फाऊल करायला गेलो आणि बिघडला तर? म्हणजे माझ्यासारखा उशिरा केला, समोरचा उडाल्यावर? मग तीन फ्री थ्रो, ०.७ चा घन, म्हणजे ०.३४. पंचवीस टक्क्यांपेक्षाही वाईट.

तर फाऊल दहातून एकदा बिघडत असेल, तर एकूण शक्यता येते साधारण ०.०८. अजूनही उत्तम. दोनातून एकदा बिघडत असेल तर ०.२०, म्हणजे फायदा जवळजवळ संपला. तीनातून दोनदा बिघडत असेल तर ०.२५, फाऊल करा नाहीतर हात वर करून उभे राहा, सारखंच. शिवाय समोरच्याने दोन्ही फ्री थ्रो टाकले तर मग ते आपल्याला फाऊल करणार, आपल्याला आपले टाकावे लागणार, तो धोका मी यात धरलेलाच नाही.

म्हणजे सगळा खेळ एका आकड्यावर आला, फाऊल किती वेळा बिघडतो. आणि हा आकडा टाइमआऊटमध्ये ठरत नाही. तो ठरतो चार महिने आधी, संध्याकाळच्या प्रॅक्टिसला. बिघडण्याचा हा दर प्रत्येक टीमचा निराळा. हार्वर्ड विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या एका क्रीडा-विश्लेषण गटाने २०१० साली आदल्या हंगामातल्या अशा सामन्यांचा हिशोब मांडला, तेव्हा फाऊल करणारे आणि न करणारे यांच्यात सांगण्यासारखा फरक सापडला नव्हता. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते विचित्र वाटलं. आता वाटत नाही. ज्यांना जमतो आणि ज्यांना जमत नाही, त्या सगळ्यांची एकत्र सरासरी काढली की काय उरणार?

याचं सगळ्यात बोचरं उदाहरण २००८ चं. सॅन अँटोनिओ, ७ एप्रिल, राष्ट्रीय फायनल, मेम्फिस विरुद्ध कॅन्सस. दोन मिनिटं बारा सेकंद बाकी असताना मेम्फिस ६०-५१ अशी पुढे. मग शेवटच्या सव्वा मिनिटात त्यांनी पाचपैकी चार फ्री थ्रो चुकवले. त्या हंगामात मेम्फिसची सगळी टीका फ्री थ्रोवरूनच व्हायची आणि कोच जॉन कॅलिपारी ती उडवून लावायचे, मोक्याच्या वेळी मुलं टाकतील असं म्हणायचे. शेवटी डेरिक रोझने दोनपैकी एक टाकला, ६३-६०, दहा सेकंद बाकी. फाऊल करायचं ठरलेलं होतं, हे कॅलिपारींनी सामन्यानंतर सांगितलं. रोझ शेरॉन कॉलिन्सला हाफ लाइनच्या आसपास धडकलाही. कॉलिन्स अडखळला, पण शिट्टी वाजली नाही. कॉलिन्सने कसाबसा बॉल मारियो चाल्मर्सकडे दिला, चाल्मर्सने तीनचा टाकला, २.१ सेकंद बाकी, ६३-६३. जादा वेळेत कॅन्सस ७५-६८.

इथे कोचचा निर्णय माझ्या वहीप्रमाणे बरोबर. पण खेळाडूचा फाऊल अर्धवट, म्हणजे रेफरीला शिट्टी वाजवावीच लागेल असा नाही. नुसतं टेकल्यासारखं केलं तर रेफरी खेळ चालू ठेवतो, आणि मिठी मारली तर तो मुद्दाम केलेला फाऊल ठरतो. या दोहोंमधली जागा फार अरुंद आहे. आपल्याकडे फिबाच्या नियमांनी खेळतात, तिथे बॉलसाठी खरा प्रयत्न न करता नुसतं माणसाला पकडलं की अनस्पोर्ट्समनलाइक, म्हणजे समोरच्याला दोन फ्री थ्रो आणि वर बॉलही त्यांनाच. सामना संपलाच! म्हणून 'फाऊल करा' हे वाक्य अर्धंच आहे. पूर्ण वाक्य असं हवं: समोरचा ड्रिबल करत असताना, त्याचं तोंड बास्केटकडे नसताना, बॉलवर जोरात हात मारा, रेफरीला आवाज आला पाहिजे. आणि हे करणाऱ्याशिवाय उरलेल्या चौघांनी फ्री थ्रोच्या वेळी कोणाला पाठीने अडवायचं हे आधी ठरवा, नाहीतर तुमच्या नशिबी डियाकिटे.

आता कोचला निकालावरून तोलण्याबद्दल. २०१० ची फायनल, ५ एप्रिल, इंडियानापोलिस, ड्यूक विरुद्ध बटलर. बटलर म्हणजे इंडियानापोलिसमधलंच एक छोटं विद्यापीठ, घरच्या गावात फायनल, अख्खा देश त्यांच्या बाजूने. ड्यूक ६०-५९ पुढे, ३.६ सेकंद बाकी, ड्यूकच्या ब्रायन झूबेकला दोन फ्री थ्रो. पहिला आत, ६१-५९. मग कोच माइक शशेव्हस्की यांनी त्याला दुसरा मुद्दाम चुकवायला सांगितलं! बटलरकडे टाइमआऊट शिल्लक नव्हता. बॉल रिंगवरून उडाला की पकडायला आणि वळायलाच त्यांचा वेळ जाईल, असा हिशोब. पण आघाडी दोनचीच राहिली, म्हणजे तीनचा शॉट गेला तर बरोबरी नाही, थेट पराभव. गॉर्डन हेवर्डने रिबाउंड घेतला, हाफ लाइनपर्यंत आला आणि भिरकावला. बॉल बोर्डाला लागला, रिंगला लागला आणि बाहेर पडला. चार बोटं इकडे असता तर आज शशेव्हस्की म्हणजे 'तो फ्री थ्रो चुकवायला लावणारा म्हातारा' म्हणून ओळखले गेले असते. बॉल बाहेर पडला, म्हणून तो निर्णय 'धाडसी'. निर्णय तर तोच होता ना? मला स्वतःला तो आवडलेला नाही, तीनच्या आघाडीवर मी जास्त शांत झोपलो असतो. पण आवडला नाही म्हणायला मी बॉल कुठे पडला त्याची वाट बघितलेली नाही.

आणि याच शशेव्हस्कींना १९९२ मध्ये दुसऱ्या कोचच्या निर्णयाचा फायदा मिळाला होता. २८ मार्च १९९२, फिलाडेल्फिया, ड्यूक विरुद्ध केंटकी, जादा वेळ. केंटकी १०३-१०२ पुढे, २.१ सेकंद बाकी, ड्यूकला बॉल स्वतःच्या बास्केटखालून आत टाकायचा होता. आपल्याकडे शेवटच्या दोन मिनिटांत टाइमआऊट घेतला की बॉल पुढच्या अर्ध्यातून आत घ्यायची सोय असते, अमेरिकेच्या पुरुषांच्या कॉलेज खेळात ती नाही. म्हणजे अख्खं कोर्ट ओलांडायचं. केंटकीचे कोच रिक पिटिनो यांनी पास टाकणाऱ्या ग्रँट हिलसमोर कोणालाच उभं केलं नाही, तो माणूस वाचवून ख्रिश्चन लेटनरभोवती दोघं ठेवले. हिलने मोकळेपणाने, कोणी हात आडवे न करता, जवळजवळ पूर्ण कोर्टभर बॉल फेकला. लेटनरने तो पकडला, एकदा ड्रिबल केला, वळला, टाकला. १०४-१०३. लेटनरचे त्या दिवशी दहापैकी दहा शॉट आणि दहापैकी दहा फ्री थ्रो. पुढची कित्येक वर्षं पिटिनोंना एकच प्रश्न, हिलसमोर माणूस का नव्हता?

इथे मी पिटिनोंच्या विरुद्ध आहे, आणि लेटनरने टाकला म्हणून नाही. इतका लांबचा पास मोकळ्या माणसाने फेकणं आणि समोर उंच हात नाचत असताना फेकणं, यातला फरक कोणीही कोर्टवर जाऊन पाच मिनिटांत बघू शकतो. मी बघितला. समोर माणूस असताना माझे दहातले सात पास भलतीकडे गेले, एक व्हॉलीबॉलवाल्यांच्या डोक्यात. त्यांनी बॉल अर्धा तास दिला नाही.

तर आता सर. मी त्यांच्या बाजूने लिहायला बसलो होतो, हे खरं. अहवालातली ओळ चुकीची आहे. डावपेच चुकला नव्हता, माझा हात चुकला होता, दीड-दोन सेकंद उशिरा. हे मी गेल्या वर्षीच टीमसमोर म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही, कारण सगळे सरांना शिव्या घालत होते आणि मला ते सोयीचं होतं. बस. याला काही स्पष्टीकरण नाही.

पण वही पुरी केल्यावर सरांनाही एक गोष्ट विचारावी लागते. अख्ख्या वर्षात आम्ही हा फाऊल एकदा तरी घोटवला होता का? नाही. शब्द मी पहिल्यांदा ऐकले ते त्या टाइमआऊटमध्ये. ज्या टीमचा बिघडण्याचा दर कोणालाच माहीत नाही, तिला नऊ सेकंद असताना हे सांगणं म्हणजे सबमिशनच्या आदल्या रात्री नवीन सॉफ्टवेअर शिकायला देणं. त्या टीमला, त्या दिवशी, 'हात वर ठेवा, रेषेबाहेर कोणाला मोकळं सोडू नका, आत घुसला तर घुसू द्या' एवढं सांगणं कदाचित जास्त शहाणपणाचं ठरलं असतं. म्हणजे बसच्या मागच्या सीटवरच्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. फक्त त्यांचं कारण चुकीचं होतं.

आणि सरांनी घोटवून का घेतला नाही, तर प्रॅक्टिकल संपून मुलं येणार साडेपाचला, अंधार पडणार साडेसहाला, त्यात कोर्टवरच्या गाड्या हलवायला पंधरा मिनिटं. घड्याळ नाही, म्हणजे 'सहा सेकंद' म्हणजे किती हे आम्हाला सामन्यातच कळतं. उरलेल्या वेळात धावणं आणि लेअप. कोच बदलला म्हणून यातलं काही बदललेलं नाही. जिमखान्याला माझी विनंती आहे की अहवालातली ती ओळ पुढच्या अंकात दुरुस्त करावी, सरांना टीमकडे परत बोलवावं, आणि एक साधं मोठं डिजिटल घड्याळ घ्यावं. आपल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या सेकंड इयरची पोरं मिनी प्रोजेक्ट म्हणून ते दोन आठवड्यांत बनवतील, पैसेही वाचतील.

गेल्या मंगळवारी मी सरांच्या केबिनमध्ये जाऊन हे सगळं सांगितलं. वही दाखवली. त्यांनी चष्मा वर करून आकडे तपासले, ०.१५ च्या जागी ०.२ धर म्हणाले, आमचे रिबाउंड बघता. मग विचारलं, "हाफ लाइनला का नाही मारलास रे?" म्हटलं, "सर, ठरवता आलं नाही." ते काही बोलले नाहीत.

संध्याकाळी आम्ही सहा जण कोर्टवर जमलो. मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं, एकाने शिट्टी घेतली. मी बारा वेळा फाऊल केला. सात वेळा वेळेत, पाच वेळा उशिरा. म्हणजे बिघडण्याचा दर ०.४२. वहीत घालून बघितलं तर बरोबरीची शक्यता सतरा टक्के येते. अजून बरंच काम आहे. सर गाड्यांच्या रांगेपाशी उभे राहून बघत होते. सातव्या वेळेनंतर तिथूनच ओरडले, "पाय आधी हलव, हात नंतर!"